तिसरं वाक्य

श्रीरामपूर,
१२ मे २००६

सिद्धांत,

पत्राला नेहमीची सुरुवात केलेली नाही. तुला 'जय भीम' लिहायचा की आणखी काही, ते तुझ्याकडून कळलं की मग लिहीन.

फोनवर तू तीनदा "दादा, नंतर बोलतो, मीटिंग आहे" म्हणालास. रविवारी सकाळी कसली रे मीटिंग? म्हणून पत्र लिहितोय. पत्र मध्येच ठेवून देता येत नाही, कान दुखतो अशी सबब सांगता येत नाही.

साबळे गुरुजींचा जयंत हॅनोव्हरला पीएच.डी. करतो, तो ईस्टरच्या सुट्टीत तुझ्याकडे गेर्लिंगेनला दोन दिवस राहून गेला. त्याने आईला फोनवर सांगितलं. त्याच्या आईने विहारात सांगितलं. मी त्या विहार समितीचा सेक्रेटरी आहे, हे तुला आठवत असेल. बुद्धपौर्णिमेच्या तयारीची सभा चालली होती, चाळीस माणसं बसली होती, आणि त्या बाईंनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "विलासराव, तुमचा सिद्धांत ख्रिस्ती झाला म्हणतात, खरं का?" मी म्हणालो, "जयंत लहान आहे, त्याचा काहीतरी घोटाळा झालाय." बावन्नाव्या वर्षी, पंचवीस वर्षं मास्तरकी केल्यावर, चाळीस माणसांत मला सारवासारव करावी लागली.

जयंत म्हणतो, तू त्याला चर्चमध्ये घेऊन गेलास आणि तिथे उभा राहून गायलास. घरात बाबासाहेबांचा फोटो आहे म्हणे, आणि शेजारी क्रूस. फोटो कशाला ठेवलास? आम्ही कुणी आलो तर दाखवायला?

तू बाटलास की नाही, एवढंच एका ओळीत कळव. का विचारतोय ते समजून घे. सुकन्याची बारावी झाली, सीईटी झाली. तिची जातीच्या दाखल्याची फाईल पडताळणी समितीकडे आहे. फाईलीत रक्ताच्या नातेवाइकाचा दाखला लावावा लागतो, तो तुझा लावलाय. ज्या दाखल्यावर तू इंजिनिअर झालास, जर्मनी गाठलीस, तोच. बौद्धाला तो मिळतो, ख्रिस्त्याला मिळत नाही. कायदा मी केलेला नाही.

पोरीने डॉक्टर व्हायचं की नाही, हे तुझ्या रविवारच्या मीटिंगवर ठरू नये, एवढीच इच्छा आहे.

विलास

•

गेर्लिंगेन,
२८ मे २००६

दादा,

जय भीम. मी अजूनही लिहितो, तुम्ही घ्या किंवा घेऊ नका.

एका ओळीत उत्तर: हो. १६ एप्रिलला, ईस्टरच्या दिवशी, मी बाप्तिस्मा घेतला. उल्काने घेतलेला नाही. ती बौद्ध आहे आणि तशीच राहणार म्हणते. आमच्यात त्यावरून भांडण नाही. क्रूस माझा, फोटो दोघांचा. तुम्हाला दाखवायला ठेवायचा तर तुम्ही आधी इथे यायला हवं होतं. सात वर्षांत आला नाहीत.

बाकीच्या ओळी तुम्ही मागितल्या नाहीत, तरी लिहितो.

नोव्हेंबर २००४ मध्ये आमचं बाळ चार दिवसांचं होऊन गेलं. तुम्हाला त्याच रात्री मेसेज केला होता. तुमचा फोन अकराव्या दिवशी आला. म्हणालात, "सगळं अनित्य आहे, सिद्धांत. सावर स्वतःला. इकडे धम्मपरिषदेची गडबड होती." दोन मिनिटं बोललात. मी घड्याळ पाहिलं नाही, पण फोनच दाखवतो किती वेळ झाला ते.

त्या अकरा दिवसांत हॉस्पिटलमधून एक बाई येत होत्या, फ्राउ केलर. इथल्या चर्चच्या पास्टोरिन, म्हणजे बाई पाद्री. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, बसू का? आल्झो, म्हणजे तर मग, बसल्या. तासभर काही बोलल्या नाहीत. उल्का भिंतीकडे तोंड करून पडली होती. मग रोज आल्या. बाळाला कुठे ठेवायचं, कुठले कागद, कुठलं ऑफिस, सगळं त्यांनी पाहिलं. आमचा धर्म त्यांनी शेवटपर्यंत विचारला नाही. मीच सांगितला, तर म्हणाल्या, "मग तुमच्याकडे अशा वेळी काय म्हणतात?" मी त्रिशरण म्हणायला लागलो आणि दुसऱ्या ओळीला अडकलो. लहानपणी तुम्ही छडी घेऊन पाठ करून घेतलं होतं. छडी नव्हती म्हणून आठवलं नसेल.

त्यानंतर वर्षभर मी त्या चर्चच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसत होतो. कुणी मला बोलावलं नाही, काही दिलं नाही. तुमच्या डोक्यात मिशनचा गहू आणि दूध-पावडर येईल, म्हणून आधीच सांगतो.

इथे राहायला आलो तेव्हा राटहाउसमधल्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेतल्या, फॉर्मवर धर्माचा रकाना होता. मी बौद्ध लिहिलं. बाईने माझ्याकडे पाहिलं, कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि 'इतर' टाकलं. सात वर्षं मी इतर होतो. आता त्या रकान्यात मी काहीतरी आहे. तुम्हाला हे क्षुल्लक वाटेल, मला वाटत नाही.

सुकन्याच्या कामात माझी अडचण होऊ नये, हे मलाही कळतं. मी श्रीरामपूरला येऊन भोंगा लावणार नाही. वहिनींना नमस्कार सांगा.

सिद्धांत

•

श्रीरामपूर,
१५ जून २००६

सिद्धांत,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा तुझ्या कुसुमवहिनीला वाचून दाखवलं, बाळाचा मजकूर आला तेव्हा ती उठून आत गेली. तुझा हेतू तोच असेल तर सफल झाला.

अकरा दिवस उशीर झाला, हे खरं. मला काय बोलावं ते सुचत नव्हतं, हेही खरं. शाळेत पोरांना शिकवतो, सभेत तासभर बोलतो, पण धाकट्या भावाला अशा वेळी काय म्हणायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही. त्यासाठी तू मला छडीचा हिशेब ऐकवलास. ठीक आहे. पण एक बाई तासभर गप्प बसली म्हणून माणूस बापाचा धम्म सोडतो? गप्प बसायला मीही आलो असतो, व्हिसा मिळाला असता तर.

तुला वडील किती आठवतात मला ठाऊक नाही. तू एकोणीस वर्षांचा होतास ते गेले तेव्हा. रावजी मास्तर म्हणायचे त्यांना बेलपिंपळीत. छप्पन्न साली पांढरे कपडे उसने आणून नागपूरला गेले, येताना चालत्या गाडीत खांबाला धरून उभे होते, आणि घरी येऊन आईला म्हणाले, "आजपासून मेलेलं जनावर ओढायचं नाही, कुणाच्या दारात वाकायचं नाही." त्यावर गावाने दुकान बंद केलं, दळण बंद केलं, भिंत पाडली. आई मला कडेवर घेऊन आणि वडील डोक्यावर ट्रंक घेऊन श्रीरामपूरला आले. परत गावात पाय टाकला नाही. मीही टाकलेला नाही.

हे सगळं सोडून तू बाकावर जाऊन बसलास. आपल्या घराण्यात आजवर कुणी चर्चची पायरी चढलेलं नाही. पहिला मान तुझा.

तुझ्या त्या रकान्याचं मला हसू आलं. जर्मनीच्या कारकुनाने तुला 'इतर' म्हटलं तर तुझा जीव कासावीस झाला. इथे आपल्याला काय काय म्हटलं गेलं, ते तुझ्या जन्माआधीचं आहे, म्हणून तुला परवडतं.

सुकन्याला सीईटीला १८१ पडले. मेडिकलला नंबर लागणार. दाखला मिळाला तर. फोटो, पत्रिका, इंटरनेटवरचं काहीही, कुणालाही पाठवू नकोस. इकडच्या कुणाशीही या विषयावर बोलू नकोस. एवढं पाळ, मग तुझ्या आत्म्याचं तू काय करायचं ते कर.

विलास

•

गेर्लिंगेन,
९ जुलै २००६

दादा,

सुकन्याचं अभिनंदन. तिला मी वेगळं कार्ड पाठवलंय, त्यात फक्त अभिनंदन आहे, काळजी करू नका.

आता पायरीचं. "आपल्या घराण्यात आजवर कुणी." हे तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलंत, मास्तरांच्या वळणदार अक्षरात. लिहिताना पेन थांबलं नाही?

सोबत एक झेरॉक्स आहे. बेलपिंपळीच्या चर्चच्या जुन्या वहीतलं पान. तुमच्यासाठी उतरवून देतो, शाई फिकी आहे. "बाप्तिस्मा क्रमांक ४१७. दिनांक १९ डिसेंबर १९५४. बालकाचे नाव: विलास. पिता: रावजी कोंडिबा भिंगारदिवे. धंदा: मिशन शाळेत शिक्षक." त्याच्या वर, वीस-बावीस पानं आधी, आजोबाही आहेत. कोंडिबा. आणि वडील स्वतः, सहा वर्षांचे.

मी कुठेच नाही. माझा जन्म एकोणसत्तरचा. दादा, आपल्या दोघांत ज्याच्या डोक्यावर जन्मल्याबरोबर चर्चचं पाणी पडलं तो मी नव्हे. तुम्ही मला पहिल्या पत्रात "बाटलास की नाही" विचारलं होतं. तुमच्या भाषेत सांगायचं तर तुम्ही माझ्या जन्माच्या पंधरा वर्षं आधी बाटलात.

मला संशय होता. वडील बाजारातून येताना चर्चच्या रस्त्याने कधी यायचे नाहीत. पाऊस असो, पाय दुखोत, मागच्या गल्लीने वळसा. मी एकदा विचारलं तर कानाखाली बसली होती. ज्या घराशी आपला काही संबंध नाही, त्याच्यावर माणूस इतका चिडत नाही. म्हणून मार्चमध्ये, माझी तारीख ठरली तेव्हा, मी बेलपिंपळीच्या पाद्रींना पत्र लिहिलं. आमच्या घराचं काही नाव आहे का, मी जर्मनीत आहे, ईस्टरला बाप्तिस्मा घेतोय, एवढंच. हरीश म्हणून तरुण पाद्री आहेत. त्यांनी कपाटं उपसून हे पान शोधलं आणि फार आनंदाने पाठवलं.

तुम्हाला ठाऊक होतं. हो ना? दर चौदा एप्रिलला व्यासपीठावरून तुम्ही मिशनवाल्यांना झोडपायचात, तेव्हाही ठाऊक होतं. आणि मी शाळेत असताना माझा मित्र जॉन्सन घरी आला, तर तुम्ही त्याला दारातच विचारलंत, "तुमच्या बापाला किती गहू मिळाला?" तो परत कधी आला नाही. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो.

मी ज्या धर्मात गेलो तो परका नव्हता, एवढं मला आता कळलंय. खोटं बोलण्याची गरज तुम्हाला का पडली, तेवढं कळायचं आहे.

सिद्धांत

•

श्रीरामपूर,
२४ जुलै २००६
(स्पीड पोस्ट)

सिद्धांत,

तुझ्या पाद्रीच्या आनंदाचं फळ आलं आहे. तो महिन्याला आठ पानांचं मासिक काढतो. जुलैच्या अंकात दुसऱ्या पानावर मथळा आहे: "हरवलेलं घराणं परत येत आहे." खाली कोंडिबा, रावजी, विलास, आणि "जर्मनीतील अभियंता सिद्धांत भिंगारदिवे यांनी आपल्या पूर्वजांची वाट पुन्हा धरली." क्रमांक ४१७ सकट. त्या बिचाऱ्याच्या मनात वाईट काही नसेल. पण ते पान कुणीतरी कापून, नाव न लिहिता, पडताळणी समितीला पाठवलं.

काल तपास अधिकारी घरी आले. हातात कात्रण. सुकन्या चहा घेऊन बाहेर आली आणि तिच्यासमोर त्यांनी विचारलं, "विलासराव, हे विलास म्हणजे तुम्हीच का?" तिने ट्रे खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. मी हो म्हणालो. आणखी काय म्हणणार होतो? तेव्हापासून ती माझ्याशी नीट बोलत नाही, जेवायला बसते आणि ताट तसंच उचलते.

मी तुला सांगितलं होतं, इकडच्या कुणाशी बोलू नकोस. तू मार्चमध्येच बोलून बसला होतास, आणि हे मला मेच्या पत्रात सांगितलं नाहीस. दोन पानं फ्राउ केलरवर लिहिलीस, ही एक ओळ लिहिली नाहीस. लपवणारा मी एकटाच नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो, ठाऊक होतं. वडिलांनी मी मॅट्रिकला असताना सांगितलं. मिशनने आजोबांना अक्षर दिलं, वडिलांना नोकरी दिली, हे ते कधी नाकारायचे नाहीत. पण प्रभूभोजनाचा एकच पेला सगळ्यांत फिरायचा, आणि तो आपल्या बाकावर सगळ्यात शेवटी यायचा. पुढच्या बाकांवर वरच्या जातींतून आलेले ख्रिस्ती. ते पिऊन झाले की मग आपण. वडील दहा वर्षं ते बघत होते. एके रविवारी त्यांनी पेला हातात घेतला, न पिता पुढे दिला, आणि उठून बाहेर आले. पुढच्याच वर्षी नागपूर. मला म्हणाले होते, "तुझ्यावर पाणी पडलं ते मी पाडलं, माझी चूक. धाकट्याच्या वेळी ती केलेली नाही." ते तुझ्याबद्दल होतं. म्हणून मी खोटं बोललो. त्यांची ती एक गोष्ट नीट राहावी म्हणून.

हे आता बाजूला ठेव. अठरा ऑगस्टला मेडिकलची पहिली फेरी आहे. त्याआधी दाखला हवा. अधिकारी म्हणतात, भावाचं प्रतिज्ञापत्र आणा. म्युनिकला आपली वकिलात आहे, तिथे त्यांच्यासमोर सही करून पाठव. मजकूर वकिलाने सांगितला आहे, तीनच वाक्यं:

मी जन्माने महार असून बौद्ध कुटुंबात वाढलो. माझे बंधू विलास व त्यांचे कुटुंब बौद्ध असून त्याच पद्धतीने राहतात. मी ख्रिस्ती नाही, कधीही झालो नाही, सदर मासिकातील माझ्याविषयीचा मजकूर खोटा आहे.

तिसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. ते असलं की मासिक खोटं ठरतं, मासिक खोटं ठरलं की वही संशयात येते. तू नऊ वर्षांचा असताना मी तुला टायफॉइडमध्ये पाठीवर घेऊन दवाखान्यात गेलो होतो वगैरे मी आठवण करून देणार नाही. दिली, असं समज.

सही कर. मग मनातल्या मनात काय व्हायचं ते हो.

विलास

•

गेर्लिंगेन,
५ ऑगस्ट २००६
(कुरिअर)

दादा,

काल म्युनिकला जाऊन आलो. प्रतिज्ञापत्र सोबत आहे. पहिलं आणि दुसरं वाक्य जसंच्या तसं. तिसरं मी खोडलं आणि खोडलेल्या जागी सही केली.

शिव्या द्यायच्या आधी वाचा.

पेल्याचं मला माहीत नव्हतं. ते वाचल्यावर मी दोन दिवस ऑफिसला गेलो नाही. फ्राउ केलरना सांगितलं. त्या म्हणाल्या, तुमच्या वडिलांनी बरोबर केलं. त्यांनी सारवासारव केली असती तर मी कदाचित तिसऱ्या वाक्यावरही सही केली असती. त्यांनी नाही केली.

मार्चमध्ये पाद्रींना कळवल्याचं मी मेमध्ये लपवलं, हेही खरं. मला वाटलं, तुम्ही चिडाल. एवढंच कारण. आपण दोघे एकाच बापाचे आहोत.

म्युनिकला काउंटरवर एक बंगाली गृहस्थ होते. त्यांनी कागद वाचला, माझ्या गळ्याकडे पाहिलं. क्रूसाची साखळी शर्टाच्या बाहेर आली होती. म्हणाले, "थर्ड वन इज करेक्ट?" पेन हातात होतं. मला सुकन्या दिसत होती, खरंच दिसत होती, ट्रे खाली ठेवणारी. बाळ होणार म्हणून तिने स्वतः झबलं शिवून पाठवलं होतं, दोन बाह्या दोन लांबीच्या. तेच घालून त्याला ठेवलं आम्ही. त्याच्या मातीसमोर उभा राहून मी जे म्हणालो, ते सगळं मी त्या कागदावर खोटं ठरवणार होतो. मला नाही जमलं, दादा. मला पाहिजे होतं की जमावं. हात पुढे गेला नाही.

मी धार्मिक माणूस नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. कुणाला काही पटवायला जाणार नाही. पण माझं म्हणून या सात वर्षांत एवढंच एक झालंय, त्याला नाही म्हटलं तर माझ्याकडे राहतं काय?

उल्का म्हणाली, सही कर. म्हणाली, "देव असेल तर त्याला कळेल, समितीला कळणार नाही." मी खोडून आणलं ते पाहून तिने बॅग भरली आणि वाल्डॉर्फला ईप्सिताकडे, तिच्या मैत्रिणीकडे, गेली. फोन उचलत नाही. तुम्हाला बरं वाटेल म्हणून सांगतोय.

पहिली दोन वाक्यं खरी आहेत आणि पुरेशी आहेत. तुमचा दाखला तुमच्या बौद्ध असण्यावर आहे, माझ्या नसण्यावर नाही. वकिलाला नीट विचारा. दुसरा मार्ग असलाच पाहिजे.

सिद्धांत

•

श्रीरामपूर,
२१ ऑगस्ट २००६

सिद्धांत,

दुसरा मार्ग होता. तो कसा होता ते तुला कळलं पाहिजे, म्हणून हे पत्र.

तुझा कागद नऊ तारखेला आला. मी तो घेऊन अधिकाऱ्यांकडे गेलो. माणूस वाईट नाही. त्यांनी खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "तुमचे भाऊ आता कोण आहेत ते इथे नाही. का नाही, ते मला समजतं. समितीलाही समजेल." मग खुर्ची मागे घेऊन म्हणाले, "चर्चची वही आहे, ती मी नाहीशी करू शकत नाही. पण मधल्या काळात गावाने तुम्हाला कोण मानलं, हे सिद्ध झालं तर काम होईल. जुना माणूस पाहिजे. तुमच्या जातीचा चालणार नाही. वरच्या जातीतला, ज्याने तुमचं घराणं पाहिलंय."

बेलपिंपळीत तसा एकच उरला आहे. भास्करराव पाटील. वय चौऱ्याऐंशी. सत्तावन्न साली दुकान बंद करायला ज्याने सांगितलं आणि भिंत पाडायला ज्याने गडी पाठवले, तो.

अकरा तारखेला, शुक्रवारी, अधिकाऱ्यांच्या जीपमधून मी गावात गेलो. जिथे वडील मरेपर्यंत गेले नाहीत. पाटील अंगणात बाजेवर बसले होते. ऐकू कमी येतं, दिसतं चांगलं. अधिकाऱ्यांना खुर्ची आली. मी उभा राहिलो. बस कुणी म्हणालं नाही आणि मीही विचारलं नाही. चहा आला तो साहेबांना कपात आणि मला प्लॅस्टिकच्या ग्लासात. मी प्यायलो.

अधिकाऱ्यांनी काम सांगितलं. पाटलांनी माझ्याकडे खालून वर पाहिलं. म्हणाले, "रावज्याचा पोरगा व्हय तू? तुझा बा दारात यायचा तवा जोहार घालायचा. नंतर लई शाना झाला. तुमच्यात आता काय म्हणत्यात?"

साहेबांनी मान खाली घालून कागद चाळायला घेतले. फार वेळ चाळत होते.

मला सगळं सुचत होतं, सिद्धांत. तेहेतीस वर्षं मी व्यासपीठांवर बोलतोय. अशा प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, यावर मी पोरांची शिबिरं घेतली आहेत. उत्तर द्यायचं आणि पाठ फिरवून जीपमध्ये बसायचं. घरी सुकन्या अठरा तारखेवर कॅलेंडरमध्ये गोल करून बसली होती.

मी हात जोडले आणि म्हणालो, "जोहार, पाटील."

ते हसले नाहीत. समाधान झाल्यासारखी मान हलवली आणि साहेबांना म्हणाले, "लिवा. आधी हे येशूकडं गेले, मग बुद्धाकडं गेले. आमच्या हिरीवर कधी आले न्हाईत, आमी येऊ दिलं न्हाई. तिकडं गेले तरी म्हारच, हिकडं आले तरी म्हारच. उद्या आनखी कुठं गेले तरी तेच. लिवा."

साहेबांनी लिहिलं, "सदर कुटुंबास गाव पूर्वापार महार समजत आले आहे व धर्मांतराने त्यात फरक पडलेला नाही." पाटलांनी सही केली. दाखला सोळा तारखेला मिळाला. अठराला सुकन्याचा नंबर पुण्याला लागला.

तू आणि मी उन्हाळाभर एकमेकांना विचारत होतो, आपण कोण. आजोबा ख्रिस्ती होऊन सुटले नाहीत, वडील बौद्ध होऊन सुटले असं मी समजत होतो, तू जर्मनीत जाऊन सुटलास असं तू समजतोस. पाटलाने आपल्या सगळ्यांचा निकाल एका श्वासात लावला, आणि तो निकाल आपल्याला हवाच होता. त्यासाठी मी गेलो होतो. याचा मला तुझ्यापेक्षा जास्त राग येतो, पण माझ्यासमोर तूच आहेस, म्हणून तुझ्यावर येतो.

तू तुझं वाक्य राखलंस. त्यात तू चूक होतास असंही मला आता म्हणवत नाही, आणि बरोबर होतास असं तर मी मेलो तरी म्हणणार नाही. विहाराच्या समितीचा राजीनामा मी दिला. कारण तब्येत लिहिलं आहे. कुसुमलाही तेच सांगितलं.

एक काम आहे, आणि ते तुला करावंच लागेल. सुकन्याला वाटतंय, काकांच्या प्रतिज्ञापत्राने दाखला मिळाला. तीन वाक्यांचा मजकूर तिनेच टाइप केला होता. तू तिन्हींवर सही केलीस अशी तिची समजूत आहे. काकांनी माझ्यासाठी एवढं सोडलं म्हणून परवा रडत होती. बेलपिंपळीचं तिला काहीही माहीत नाही.

ती तुला आभाराचं पत्र लिहिते आहे. तुला खरं लिहायची खोड आहे, "मी सही केलीच नव्हती" असं तू उलट टपाली कळवशील. मग ती मला विचारील, दाखला मग कशावर मिळाला? आणि मला तिला ते अंगण सांगावं लागेल.

तेव्हा तिचे आभार घे. लिही, की हो, मी सही केली. म्युनिकला एका अधिकाऱ्यासमोर तुला जे जमलं नाही, ते या पोरीसमोर करून दाखव.

विलास